उपग्रहाला मासा दिसत नाही

येवल्यात उपग्रह म्हटलं की आठवतं ते ढगांचं चित्र. पाऊस येतोय का, उघड्यावरचा कांदा झाकायचा का? पर्जन्यछायेतल्या या तालुक्यापासून समुद्र लांब. त्यामुळे ‘हल्ली उपग्रहावरून मासे दिसतात, कोळ्यांनी नुसतं जाऊन भरून आणायचे’ असं कुणी म्हटलं, की सगळ्यांना ते पटतं.

पण ७०० किलोमीटरहून जास्त उंचीवरून पाण्याखालचा बांगडा दिसणार कसा? दिसतो तो पाण्याचा रंग, आणि मोजता येतं पृष्ठभागाचं तापमान. २००९चा ओशनसॅट-२ आणि २०२२चा ओशनसॅट-३ हे उपग्रह रंग टिपण्यासाठीही सोडले गेले. हिरवट छटा म्हणजे हरितद्रव्य, म्हणजेच वनस्पती-प्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. थंड आणि उबदार पाणी भिडतं तिथे अनेकदा खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि प्लवक माजतं. ते खायला तारली-बांगडा येतो, त्याच्या मागे सुरमई आणि कुपा. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था असे पट्टे शोधून मराठीतही मोफत सल्ला देते: अमुक बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर. हिरवं रान दिसलं की मेंढरं तिकडे वळतील, हा मेंढपाळालाही पटेल असा तर्क आहे. रान हिरवं असूनही कधी कळप पोचलेला नसतो. तरीही शोधाशोधीत जळणारं डिझेल वाचतं, हा फायदा खरा.

सल्ला रोज मिळेलच, असंही नाही. आपण ज्या ढगाची वाट पाहतो, तोच इथे आड येतो. रंग टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ढगापलीकडचं दिसत नाही. शिवाय प्रवाहाबरोबर पट्टा सरकतो, म्हणून दोन-तीन दिवसांपूर्वीचा सल्ला शिळा ठरतो.

या तंत्राने समुद्र रिकामा होईल, ही भीती मला निराधार वाटत नाही. किती मासा उरलाय, हे या चित्रात कुठेच नसतं. मासा टिकावा म्हणून पावसाळी मासेमारीबंदी हवी, आणि राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी ठरवलेलं किमान आकाराचं बंधनही काटेकोर पाळलं जायला हवं.

आणि सगळ्याच मासेमारीला हा सल्ला लागू पडत नाही. आपल्याकडे बाजारात येणारा सुका बोंबील बहुतेक डोलीत सापडलेला असतो. डोल हे समुद्रात एकाच जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचा प्रवाह मासा आत आणून सोडतो. म्हणून तिथला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आधी तिथी बघतो: उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची लहान.