सुईऐवजी लाळ : मिरगीच्या औषधाची तपासणी



१७ नोव्हेंबर हा आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. अपस्मार म्हणजेच मिरगी किंवा फिट. हा मेंदूचा आजार आहे. ती बाहेरची बाधा नाही आणि तो स्पर्शाने पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास १०० पैकी ७० पर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

मात्र गोळीचे प्रमाण जमावे लागते. औषध कमी पडले तर झटका येऊ शकतो. जास्त झाले तर चक्कर येते, तोल जातो. १९३८ पासून माहीत असलेले फेनिटॉइन हे औषध तर फार नाजूक. त्याची मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील पातळी एकदम चढू शकते. ती साधारणपणे दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावी लागते. त्यासाठी डॉक्टर कधी कधी रक्त तपासतात. पण लहान मुले सुईला घाबरतात.

येथे लाळ उपयोगी पडते. समजा, उटनूरच्या बसमध्ये दहा प्रवासी आहेत. नऊ जण जागेवर बसून राहिले आणि एकच खाली उतरला, तर गावात काम तोच करणार. फेनिटॉइनचेही तसेच आहे. रक्तातील सुमारे ९० टक्के औषध प्रथिनांना चिकटलेले असते. उरलेला मोकळा भागच मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तोच लाळेतही उतरतो. म्हणून लाळेतील प्रमाणावरून मोकळ्या औषधाचा अंदाज येतो. कार्बामाझेपिनचीही अशी तपासणी करता येते. व्हॅल्प्रोएटसाठी मात्र लाळ भरवशाची नाही.

नमुना घेताना काळजी हवी. गोळीचे कण तोंडात राहिले किंवा हिरड्यांतून रक्त आले तर आकडा चुकतो. म्हणून तोंड स्वच्छ धुवून, शक्यतो पुढची गोळी घेण्याआधी लाळ स्वच्छ नळीत घेतात. ही सोय सर्वत्र नाही. रक्ततपासणीच अधिक प्रचलित आहे. आपल्या औषधाला कोणती तपासणी योग्य, हे डॉक्टरांनाच विचारावे.

पालकांना एक विनंती. पातळी कमी आली म्हणजे मुलाने गोळी चुकवलीच, असे समजू नका. वजन वाढले किंवा दुसरे औषध सुरू झाले तरी ती बदलते. मुलाला रागावू नका, गोळी मनाने बंद करू नका आणि आजार शाळेपासून लपवू नका. आम्हाला ठाऊक असेल, तरच वेळेला आम्ही त्याला सांभाळू शकू.

— मुख्याध्यापक