हाडात रुजविलेला कृत्रिम पाय : फायदे, मर्यादा आणि निवड



मळणी यंत्र, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरचा फिरता दांडा यांत सापडून हात किंवा पाय गमावण्याचे अपघात आपल्या खेड्यापाड्यांतून घडत असतात. मधुमेहामुळे चिघळलेली जखम आणि रस्त्यावरील अपघात यांमुळेही पाय काढावा लागतो. पुढे एखाद्या शिबिरातून किंवा रुग्णालयातून कृत्रिम पाय मिळतो. मात्र काही महिन्यांनी तो पाय घरात खुंटीला टांगलेला आणि आपला शेतकरी पुन्हा कुबड्यांवर, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. घरचे म्हणतात, "त्यांना सवयच झाली नाही." बरेचदा खरी अडचण सवयीची नसून कृत्रिम पाय आणि शरीर यांच्या जोडाची असते.

या जोडाचा प्रश्न स्वीडनमधील संशोधकांनी निराळ्या मार्गाने सोडविला. त्यांनी कृत्रिम पाय सरळ मांडीच्या हाडालाच जोडला. ही पद्धत काय आहे, तिचा लाभ कोणाला होतो आणि शेतात काम करणाऱ्याने तिचा विचार कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे. त्यामुळे उपचाराचा अंतिम निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

सॉकेटचा त्रास का होतो?

नेहमीच्या कृत्रिम पायाचा वरचा भाग पेल्यासारखा असतो. त्याला सॉकेट म्हणतात. मांडीचा किंवा पोटरीचा उरलेला भाग या पेल्यात घट्ट बसवितात आणि शरीराचा भार कातडी व स्नायूंमार्फत सॉकेटवर येतो. निसर्गाने तळपायाची कातडी भार सोसण्यासाठी जाड केली आहे, मांडीची केलेली नाही. त्यामुळे घासून फोड येणे, घामाने कातडी ओली राहणे, पुरळ उठणे व जखमा होणे हे त्रास उद्भवतात. आपल्याकडील उन्हाळ्यात ते अधिकच वाढतात.

शिवाय उरलेल्या भागाचा आकार कायम एकसारखा राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरते, स्नायू रोडावतात, वजन कमी-जास्त होते. सॉकेट मात्र तेवढेच राहते. कुऱ्हाडीचा दांडा सुकून आकसला की पाते डुगडुगते आणि घाव नेमका बसत नाही. तीच गत येथे होते. पाय वळतो एकीकडे, पाऊल पडते दुसरीकडे. मांडीतून पाय काढलेल्या व्यक्तीला हा त्रास विशेष जाणवतो, कारण मांडीचा उरलेला भाग मऊ असतो व हाड त्यात आत हलत राहते. उरलेला भाग फारच आखूड असेल तर सॉकेट नीट धरतच नाही.

टायटॅनियम व हाड यांचे नाते

स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशांच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम धातूचे छोटे उपकरण सशाच्या हाडात बसविले होते. प्रयोग संपल्यावर ते काढू लागले तेव्हा ते निघेना. हाड धातूच्या अगदी पृष्ठभागापर्यंत वाढून त्याला चिकटले होते. या गुणधर्माला 'ऑसिओइंटिग्रेशन', म्हणजे धातू व हाड यांचे एकजीव होणे, असे नाव मिळाले.

या शोधाचा पहिला उपयोग दातांसाठी झाला. १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर कृत्रिम दात उभे केले. आज शहरातील दंतवैद्य जे 'इम्प्लांट' बसवितात, त्याचे मूळ येथे आहे. मांडीच्या हाडात अशी जोडणी करून कृत्रिम पाय बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९९० साली झाली. पुढे त्यांचे पुत्र डॉ. रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी हे काम वाढविले आणि १९९९ पासून तेथे ठराविक पद्धतीने उपचार सुरू झाले. जर्मनी, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलिया या देशांतही अशी केंद्रे उभी राहिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वीडिश पद्धतीच्या मांडीतील जोडणीस २०१५ साली मर्यादित आणि डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण मान्यता दिली.

कलम बांधणाऱ्यास समजेल अशी रीत

आंब्याचे कलम बांधणाऱ्या शेतकऱ्यास ही पद्धत चटकन लक्षात येईल. कलम बांधताना काडी व खुंट यांचे काप एकमेकांस घट्ट भिडले पाहिजेत, जोड हलता कामा नये आणि जोड एकजीव होण्यास पुरेसा अवधी दिला पाहिजे. पुढे कलम लागले तरी पहिली तीन-चार वर्षे आलेला मोहोर आपण खुडून टाकतो, कारण कोवळ्या झाडावर फळांचा भार नको असतो. हाडातील जोडणीचे नियमही असेच आहेत. फरक एवढाच की कलमात दोन्ही बाजू सजीव असतात. येथे एक बाजू धातूची असते व वाढ फक्त हाडाची होते.

स्वीडिश पद्धतीत शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करतात.

१) पहिला टप्पा : मांडीच्या हाडातील मज्जेच्या पोकळीत आटे असलेला टायटॅनियमचा दंडगोल बसवितात व जखम शिवून टाकतात. त्यानंतर साधारणपणे सहा महिने त्यावर भार देत नाहीत. या काळात हाड आट्यांमध्ये भरते. या अवधीत धातू हलत राहिला तर हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होते व जोड कच्चा राहतो.

२) दुसरा टप्पा : दंडगोलाला टायटॅनियमचा खांब जोडून तो कातडीतून बाहेर काढतात. बाहेर आलेल्या खांबाभोवतीची कातडी पातळ करून हाडाच्या टोकाशी चिकटेल अशी बसवितात. कातडी खांबावर घासत राहिली तर जखम चिघळते, म्हणून ही काळजी घेतात.

३) भाराचा सराव : दुसऱ्या टप्प्यानंतर काही आठवड्यांनी सराव सुरू होतो. रुग्ण वजनकाट्यावर खांब टेकवून मोजून भार देतो. नेहमीच्या क्रमात सुरुवात २० किलोपासून करतात व वेदना पाहून दर आठवड्यास सुमारे १० किलो वाढवितात. नंतर पूर्ण लांबीचा पाय जोडून कुबड्यांच्या आधाराने चालणे सुरू होते.

एकंदरीत पहिल्या शस्त्रक्रियेपासून मोकळेपणी चालेपर्यंत वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. काही देशांतील केंद्रे निराळ्या बनावटीचा दांडा वापरून हे काम एकाच शस्त्रक्रियेत करतात व भार लवकर देतात. अशा वेळीही सराव टप्प्याटप्प्यानेच करावा लागतो.

फायदे

सॉकेट नसल्याने घासणे, घाम व दाब यांचा त्रास संपतो. पाय खांबाला अडकविण्यास व काढण्यास फार थोडा वेळ लागतो. खुर्चीवर बसताना मांडीखाली कडा रुतत नाही आणि खुब्याचा सांधा मोकळा हलतो. पाय हाडासोबत वळत असल्याने पाऊल अपेक्षित जागी पडते. जमीन कडक आहे की मऊ, याची थोडीबहुत जाणीव हाडातून वर येते, असे हा पाय वापरणारे सांगतात. अशा रुग्णांच्या अभ्यासांत पायाचा रोजचा वापर व हालचाल वाढल्याचे आढळून आले आहे.

हाताच्या बाबतीतही हे तंत्र वापरले जाते. २०१३ साली गोथेनबर्ग येथे हात गमावलेल्या एका ट्रकचालकाच्या दंडाच्या हाडात अशी जोडणी करून तिच्यातूनच मज्जातंतू व स्नायूंच्या तारा कृत्रिम हातापर्यंत नेण्यात आल्या. मळणी यंत्रात हात गमावलेल्यांच्या दृष्टीने ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मर्यादा व धोके

या पद्धतीत कातडीला एक कायमचे दार राहते, ही तिची मुख्य मर्यादा होय. या दारातून जंतू आत शिरू शकतात. स्वीडनमधील ५१ रुग्णांची दोन वर्षे पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दोन वर्षांअखेर ९२ टक्के जोडण्या टिकून होत्या. मात्र २८ रुग्णांना, म्हणजे निम्म्याहून अधिक जणांना, खांबाभोवती वरवरचा जंतुसंसर्ग झाला. असा संसर्ग बहुधा औषधाने बरा होतो. हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग क्वचित आढळतो, परंतु तो गंभीर असतो व प्रसंगी दंडगोल काढून टाकावा लागतो.

पडल्यास हाड मोडण्याचा किंवा खांब वाकण्याचा धोकाही असतो. यासाठी पाय व खांब यांच्यामध्ये जास्त पीळ बसल्यास आपोआप सुटणारा जोड वापरतात. स्वीडिश पद्धतीत धावणे, उड्या मारणे व जड ओझी वाहणे टाळण्यास सांगतात. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत आहेत, हाडे ठिसूळ आहेत, जे तंबाखू ओढतात किंवा ज्यांच्या हाडांची वाढ अजून पूर्ण झालेली नाही, अशांना सर्वसाधारणपणे ही शस्त्रक्रिया सुचवीत नाहीत. ती मोजक्याच केंद्रांत होते, खर्चिक आहे आणि नंतर आयुष्यभर तपासणी करीत राहावे लागते.

शेतकऱ्याने कोणता पर्याय निवडावा?

भाताची चिखलणी, पाटाचे पाणी, शेणाचा गोठा, सरीतील ओल ही आपल्या कामाची जागा आहे. कातडीतील उघडे दार घेऊन अशा ठिकाणी रोज उभे राहणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून बहुतेक शेतकऱ्यांसाठी आजही चांगल्या मापाचे सॉकेट असलेला पाय हाच पहिला पर्याय समजावा. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तयार केलेला 'जयपूर फूट' याच गरजेतून जन्मला. रबराचे हे पाऊल बुटाशिवाय वापरता येते, पाण्या-चिखलात चालते व उकिडवे बसण्यास सोयीचे पडते. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून असे पाय विनामूल्य बसवीत आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही कृत्रिम अवयवांची सोय आहे.

ज्यांना सॉकेट वारंवार बदलूनही जखमा होतात किंवा ज्यांची उरलेली मांडी फार आखूड आहे, परंतु प्रकृती अन्यथा उत्तम आहे, त्यांनी हाडातील जोडणीबाबत अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. विचारताना आपण चिखलात काम करतो, जनावरे सांभाळतो व ओझे उचलतो, हे स्पष्ट सांगावे. बैठे काम, दुकान किंवा यंत्राची देखभाल अशा कामाकडे वळता येत असेल तर निर्णय निराळा होऊ शकतो.

सॉकेट वापरणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) पाय खुंटीला टांगण्यापूर्वी सॉकेटचे माप पुन्हा तपासून घ्यावे. पहिल्या वर्षात ते बदलावे लागणे स्वाभाविक आहे. त्यात संकोच करू नये.
२) उरलेला भाग दररोज रात्री साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. आरशात पाहून लाल डाग, फोड किंवा जखम आहे का ते तपासावे.
३) सॉकेटचा आतील भाग ओल्या फडक्याने पुसून सुकवावा. मोजे रोज धुतलेले वापरावेत.
४) जखम झाल्यास ती भरेपर्यंत पाय वापरू नये. हळद, राख किंवा ऑइल लावू नये. मधुमेह असल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे.
५) फार वेळ मांडी दुमडून बसू नये. सांधा आखडतो व पुढे कोणताही कृत्रिम पाय नीट बसत नाही. दिवसातून काही वेळ पालथे झोपावे.

शासकीय मदत

महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू झाली. तीत अपघाताने एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये आणि दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये साहाय्याची तरतूद करण्यात आली. प्रस्तावास ३० दिवसांची मुदत असल्याने अपघातानंतर घरातील एका व्यक्तीने लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटावे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करावा.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र अपघातापूर्वीचा आहे. मळणी यंत्राचे पेंढी टाकण्याचे तोंड भारतीय मानकानुसार किमान ९० सें.मी. लांब असून त्यापैकी ४५ सें.मी. भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. यंत्र खरेदी करताना किंवा भाड्याने आणताना टेप घेऊन एवढे माप अवश्य मोजावे. सैल बाह्यांचा सदरा, लोंबता पदर, थकवा आणि अपुरा उजेड असताना मळणी थांबवावी. ज्यांच्या घरात कृत्रिम पाय खुंटीला टांगलेला आहे, त्यांनी या सुगीनंतर तो घेऊन एकदा माप तपासण्यासाठी केंद्रावर जावे.