खोकं एक, नंबर अनेक

जानेवारी ते मार्च हे वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचे महिने. या दिवसांत विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एखाद्या वायनरीत प्रेस बंद पडली, तरी दारात येणारे क्रेट थांबत नाहीत. द्राक्षं तापतात, रस काळवंडतो, नको तेव्हा आंबायला लागतो. म्हणून परदेशातून मागवायचे सुटे भाग पावसाळ्यातच ठरवावे लागतात. त्यांचे कस्टमचे कागद करणं हे माझं काम.

वाइनची प्रेस म्हणजे आडवं, फिरणारं स्टीलचं पिंप. आत एका बाजूला पडदा असतो. त्यामागे हवा भरली की तो फुगतो आणि द्राक्षं जाळीच्या पन्हाळींवर दाबतो. कस्टम टॅरिफमध्ये या यंत्राचा नंबर ८४३५, त्याच्या भागांचा ८४३५ ९०. परदेशी पुरवठादार बहुधा सगळ्या मालाला ‘प्रेस स्पेअर्स’ म्हणून हा एकच नंबर टाकून मोकळा होतो. गोम तिथेच आहे.

यादी हातात घेतली की मी फिटरला झिजलेले भाग आणायला सांगतो. दाराचं सील तो टेबलावर ठेवतो: पांढरट, एका कडेला चिरलेलं. नखाने दाबलं की दबतं, सोडलं की जागेवर येतं. रबर. हे सील या प्रेसशिवाय कुठेही बसणार नाही. तरीही टॅरिफच्या सोळाव्या विभागाची पहिलीच टीप व्हल्कनाइज्ड रबराच्या अशा वस्तू यंत्रांतून बाहेर काढते आणि ते ४०१६ मध्ये जातं. बॉल बेअरिंग ८४८२, व्हॉल्व्ह ८४८१, कॉम्प्रेसर ८४१४, मोटर ८५०१. ज्या भागाला ८४ किंवा ८५ व्या प्रकरणात स्वतःचं शीर्षक आहे तो तिथेच जातो, मग तो खास प्रेससाठी बनवलेला का असेना. प्रेशर गेज ९०२६, नट-बोल्ट ७३१८. एवढं सगळं वजा केल्यावर ८४३५ ९० मध्ये निर्विवाद उरते ती रसाची जाळीदार पन्हाळ.

जुन्या मोटरसायकलींचे भाग मागवणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं. सगळ्यावर ८७१४ लिहावंसं वाटतं. पण टायर ४०११, चेन ७३१५, पिस्टन ८४०९ आणि स्पार्क प्लग ८५११ मध्ये जातो.

आठ आकडी नंबरातले पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. २०११पासून नंबर आणि त्यावरची ड्युटी आयातदारानेच ठरवून भरायची असते, त्यामुळे चुकीची जबाबदारीही त्याचीच. नंबर मुद्दाम नव्हे, नुसता चुकला तरी दोन वर्षांपर्यंत फरकाची मागणी येऊ शकते, वर व्याज. त्यात २०२०पासून फेसलेस तपासणी आहे. माल न्हावा शेव्याला उतरला तरी कागद पाहणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो. ते सील त्याला दाबून बघता येत नाही. आमचं वर्णन तोकडं पडलं की शंका निघते, उत्तर-प्रत्युत्तरात दिवस जातात आणि बंदरात भाडं चढतं.

म्हणून ऑर्डर देतानाच प्रत्येक भागाचं नाव, तो कशाचा बनलाय, काय काम करतो, कुठे बसतो हे ड्रॉइंगसकट मागून घ्यावं. बिलावर नुसतं ‘स्पेअर्स’ खपवून घेऊ नये. आणि नंबर टाकणं हे एकट्या एजंटचं काम मानू नये. टॅरिफ एजंटला पाठ असतं, पण भाग फिटरला ठाऊक असतो. वर्णनाची ओळ लिहिताना तो शेजारी बसलेला हवाच.