काच वर चढताना का रखडते?

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या गाडीत पॉवर विंडोची काच खाली सरसर जाते, पण वर येताना रडतखडत येते. ‘मोटर गेली’ हा निष्कर्ष इथे घाईचा ठरतो. खाली जाताना काचेचं वजन मोटरला साथ देतं, वर येताना तेच ओझं होतं. शिवाय चौकटीतलं रबरी चॅनल काचेच्या कडा धरून असतं. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वर्षानुवर्षांच्या उन्हानं रबर कडक होतं, त्याचं मऊ अस्तर झिजतं, धूळ बसते आणि काच पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखी अडते. अडलेली मोटर जास्त वीज ओढते, तापते. बऱ्याच मोटरींत मग आतला संरक्षक स्विच तिला थोडा वेळ बंदच पाडतो.

दोष चॅनलचा, तर इंजिन चालू असताना काच जलद कशी येते? बंद गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्ट देते, अल्टरनेटर फिरला की ते १४ च्या घरात जातात. घर्षण तेच, जोर वाढला, इतकंच. मात्र मागची काच ड्रायव्हरच्या बटणानं रखडत असेल आणि तिच्या स्वतःच्या बटणानं झरझर चढत असेल, तर चॅनल निर्दोष. बहुधा ड्रायव्हरकडच्या स्विचचे पॉइंट काजळलेत. एरवी चॅनल ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नकोच (आपल्याकडे हात आधी तिकडेच जातो!): त्यानं रबर फुगतं, धूळ चिकटते. तरीही फरक नसेल, तर दाराचं पॅड उघडून काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरची केबल तपासावी, मोटर त्यानंतर.