अनियमित क्रियापदे खरोखर अनियमित आहेत का?

इंग्रजीतील अनियमित क्रियापदांना कसलाच नियम नाही, ती नुसती घोकायची असतात, ही समजूत शाळेतच पक्की होते. प्रत्यक्षात त्यांतली बरीचशी रूपे एका जुन्या नियमानेच बनलेली आहेत. जुन्या इंग्रजीत भूतकाळ दोन रीतींनी होई: शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ लावून, नाहीतर धातूतला स्वर बदलून. सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम ही दुसऱ्या रीतीची. जर्मनमध्येही गाण्याचे क्रियापद झिंगन-झांग-गेझुंगन असेच चालते. ठेवण एकाच घराण्याची आहे.

‘वेन्ट’ हे ‘गो’चे बिघडलेले रूप, हाही गैरसमजच. ‘वेन्ट’ हा ‘वेन्ड’ या निराळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’चे स्वतःचे जुने रूप मागे पडले आणि त्या जागी हे येऊन बसले. मराठीला यात नवल वाटू नये: ‘जातो’ आणि ‘गेला’ हीसुद्धा ‘या’ आणि ‘गम्’ या दोन वेगळ्या धातूंची लेकरे.

मग काही रूपे टिकली आणि काही का गेली? याचे उत्तर वापरात सापडते. २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला होता. त्यांपैकी आज ९८ अनियमित उरली आहेत. जी रोज तोंडात असतात (बी, हॅव, डू, से, गो) त्यांची रूपे पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी पुढे जातात. क्वचित वापरातली लोक विसरतात आणि सरळ ‘ड’ लावून मोकळे होतात. ‘हेल्प’चा भूतकाळ पूर्वी ‘होल्प’ होता. उलटा प्रवासही घडतो: १६११ च्या बायबलमध्ये ‘डिग्ड’ आहे, आजचे ‘डग’ नंतरचे.

‘गॉटन’ला अमेरिकनांनी केलेली मोडतोड समजणे तर अन्यायाचे आहे. ते रूप इंग्लंडमधूनच तिकडे गेले. ब्रिटनमध्ये ते मावळले, पण ‘फरगॉटन’मध्ये अजून जिवंत आहे.

सारखा उच्चार आणि वेगळे स्पेलिंग असलेल्या शब्दांबद्दलही असेच. रात्रीचा ‘नाइट’ आणि सरदार ‘नाइट’ यांचा उच्चार एकेकाळी वेगळा होता. सरदाराच्या आरंभीचा ‘क’ स्पष्ट ऐकू येई. भेटण्याचा ‘मीट’ आणि मांसाचा ‘मीट’ यांतले स्वरही निरनिराळे होते. उच्चार पुढे सरकले, स्पेलिंग मागे राहिले. याउलट पिठाचा ‘फ्लावर’ आणि फुलाचा ‘फ्लावर’ हा मुळात एकच शब्द: गव्हाचा सर्वोत्तम अंश म्हणजे त्याचे फूल. जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही त्यांची फारकत झालेली नाही.

खरी दक्षता हवी ती ‘ले’पाशी. ‘ले’ म्हणजे ठेवणे, त्याचा भूतकाळ ‘लेड’. पण आडवे होणे या अर्थाच्या ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’च, आणि खोटे बोलण्याच्या ‘लाय’चा ‘लाइड’. तसेच चित्र टांगले तर ‘हंग’, माणसाला फाशी दिली तर प्रमाण लेखनात ‘हँग्ड’.