शाळेंतील प्रयोग आणि शेतांतील पेरणी

शाळेंत शिकविलें जाणारें जीवशास्त्र परीक्षेपुरतें असून शेतीशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज आहे. मीहि त्यांतलाच होतों. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बुलढाणा जिल्ह्यांतील पीकपाहणीचे कागद वर्षानुवर्षें माझ्या हाताखालून गेले. पीक कोणतें व क्षेत्र किती, एवढें आम्ही लिहीत असूं. परंतु पेरलेल्या शंभर दाण्यांपैकीं उगवले किती, हा रकाना त्यांत कधींच नव्हता.

त्या रकान्याचें मोल २०२० च्या खरिपांत कळलें. आदल्या वर्षीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, ऐन काढणीचे वेळीं, अवकाळी पाऊस होऊन सोयाबीन शेतांतच भिजलें होतें. पुढें सोयाबीन उगवलें नाहीं अशा तक्रारी राज्यांत ठिकठिकाणीं झाल्या व अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. बियाण्याचा व मजुरीचा खर्च दोनदां पडला तो पडलाच. शिवाय पेरणीचा वाफसा हातचा गेला, तो कितीहि पैसे टाकले तरी परत मिळत नाहीं.

यानंतर एके वर्षीं माझ्या नातवास मास्तरांनीं घरच्या बियाण्याच्या अंकुरणाचा प्रयोग करावयास सांगितलें. त्यानें फळीवर चार थर रचलेल्या पोत्यांतून १०० दाणे घेतले आणि भिंतीशीं आढ्यापर्यंत रचलेल्या थप्पीच्या तळांतून १०० घेतले. गोणपाट तेंच, पाणी तेवढेंच, सावली तीच. सातव्या दिवशीं मोजले, तों पहिल्यांतून ७८ व दुसऱ्यांतून ५२ निघाले. माझा मुलगा म्हणाला, “एकाच शेतांतलें, एकाच दिवशीं मळलेलें, फरक पडेलच कसा?” नातू म्हणाला, “बाबा, बाकी सगळें सारखें होतें, म्हणूनच फरक ठेवण्याचा असला पाहिजे.” आम्हीं पुन्हां दोन वेळां पाहिलें, आंकडे जवळपास तेच आले. तेव्हां ती थप्पी धान्य म्हणून बाजारांत विकली व फळीवरचें बियाणें तेवढें पेरलें. पोरानें प्रयोग केला नसता, तर दोन्ही मिसळून पेरण्याचा आमचा बेत ठरलेला होता!

यांत नवल कांहीं नाहीं. सोयाबीनचें वरचें टरफल फार पातळ असून अंकुर त्याच्या लगत असतो. वरचें ओझें, पोत्यांची आदळआपट व भिंतीची ओल त्यास सोसत नाहीं. २०२० च्या जूनमध्यें आपल्या लोणार सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां लोकांनीं नाना तर्क केले; परंतु पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासल्यावर तो रंग खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांचा ठरला. तर्क व तपासणी यांत अंतर आहे तें हेंच.

आतां कृति सांगतों. गोणपाट स्वच्छ धुवून त्याचे तुकडे करावे. ओल्या तुकड्यावर दहा-दहांच्या ओळींत १०० दाणे निवड न करतां ठेवावे, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी व ती सावलींत ठेवून पाणी शिंपडीत जावें. अशा तीन गुंडाळ्या कराव्या. सात दिवसांनीं उघडून निकोप मोड आलेले दाणे मोजावे व तिहींची सरासरी काढावी. ती ७० वा अधिक असल्यास एकरीं ३० किलो बियाणें पुरतें. ७० च्या खालीं दर टक्क्यास अर्धा किलो वाढवावें, म्हणजे ६० टक्क्यांस ३५ किलो होतें. त्याहून कमी उगवण असलेलें बियाणें पेरूं नये. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी व दाणा ३ ते ५ सेंटिमीटरांहून खोल पडूं देऊं नये.

दुसरा प्रयोग उभ्या पिकांतला आहे. कांहीं ओळींच्या बियाण्यास रायझोबियम जिवाणू लावावें, शेजारच्या ओळी तशाच ठेवाव्या. सुमारें ४५ दिवसांनीं दोहोंतील झाडें मुळांसकट हलक्या हातानें उपटून गांठी मोजाव्या व कापून पाहाव्या. आंतून गुलाबी वा तांबूस असलेल्या गांठी हवेंतील नत्र धरीत आहेत असें समजावें. पांढऱ्या वा हिरवट असल्यास त्यांचें काम चाललेलें नाहीं. द्विदल पिकांच्या गांठींचें हें कार्य हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८८ पर्यंत प्रयोगांनींच सिद्ध केलें. त्यांचें साधन कुंड्या व वाळू यांपलीकडे फारसें नव्हतें.

शेतकरी बंधूंनो, शाळेच्या मास्तरांस प्रयोगासाठीं बियाणें पाहिजे असतें आणि आपणांस उत्तर पाहिजे असतें. तेव्हां उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं प्रत्येक थप्पींतील मूठभर दाणे चिठ्ठी बांधून मुलांच्या हातीं शाळेंत पाठवावे आणि निघालेले आंकडे तारखेसह घरच्या वहींत लिहून ठेवावे. सरकारी कागदांत जो रकाना मला आढळला नाहीं, तो आपल्या वहींत आपणच आंखावयास काय हरकत आहे?