खोक्यातला सेट आणि हातातली वीट

लेगोचा सेट खोक्यावरच्या चित्राबरहुकूम एकदा जोडला, काचेच्या कपाटात ठेवला आणि विषय संपवला, हे मला पटत नाही. सेटची किंमत त्या चित्रात नसून सुट्या विटांत असते. चित्र जोडून झाल्यावर ते मोडायचं आणि त्याच विटांतून आपलं काही उभं करायचं, तेव्हा कुठे पैसे वसूल व्हायला लागतात. नागपुरात हा छंद करताना आणखी काही प्रश्न येतात. सेट कुठून घ्यायचा, मे महिन्यात तो सांभाळायचा कसा आणि मुख्य म्हणजे बांधायचं काय? या प्रश्नांवरची माझी मतं कारणांसकट मांडतो.

आठ मिलिमीटरचा हिशेब

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुतारानं १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. त्यांच्या कारखान्यात प्लॅस्टिकची वीट आली १९४९ मध्ये, आणि तीही इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ विटेवर बेतलेली होती. ती आतून नुसती पोकळ होती. एकीवर एक बसायची, पण धरून ठेवायची नाही. पुढे मुलगा गॉटफ्रेड यानं विटेच्या पोटात नळ्या घातल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. वरचे गोल खुंट खालची नळी आणि विटेची भिंत यांच्यात दाबून बसतात, आणि पकड येते ती याच दाबातून. १९६३ पासून विटा एबीएस प्लॅस्टिकच्या झाल्या. हे प्लॅस्टिक किंचित वाकतं आणि पुन्हा मूळ आकारात येतं. साच्यातली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत ठेवलेली असते, म्हणून १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते.

पाठ करायची मापं थोडीच आहेत. एका खुंटाच्या मध्यापासून शेजारच्या खुंटाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. विटेची उंची खुंट सोडून ९.६ मिलिमीटर. चपटी प्लेट ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेटा मिळून एक वीट. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते: पाच विटांची उंची ४८ मिलिमीटर आणि सहा खुंटांची रुंदीही ४८ मिलिमीटर. म्हणून विटा आडव्या करून लावल्या तरी त्या उभ्या बांधकामाला तंतोतंत भिडतात. हे एकदा समजलं की पुस्तिकेवाचून बांधायची भीती जाते.

आणि थोड्या विटांत किती होतं म्हणाल, तर दोन बाय चार खुंटांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे आणि सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे.

पहिला सेट

मोठ्या माणसानं या छंदाची सुरुवात महागड्या प्रदर्शनी सेटनं करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यातले कितीतरी भाग त्याच एका मॉडेलपुरते असतात. क्लासिक मालिकेतलं १०६९६ क्रमांकाचं ४८४ भागांचं खोकं किंवा क्रिएटर मालिकेतला त्याच विटांतून तीन मॉडेलं होणारा सेट घ्यावा. तिन्ही मॉडेलं बांधावीत आणि चौथं स्वतःच्या मनानं करावं. तिथे हात अडला तर कुठे अडला हे नीट कळतं, आणि पुढची खरेदी त्यावरून ठरते.

सेट निवडताना बरेच जण किमतीला भागांच्या संख्येनं भागतात. हा हिशेब फसवा आहे. २०२१ च्या जगाच्या नकाशाच्या सेटमध्ये ११,६९५ भाग होते, पण त्यातले बहुतेक एका खुंटाचे गोल चकत्यांसारखे तुकडे. त्यातून नकाशा उत्तम होतो, भिंत उभी राहत नाही. मी भाग मोजत नाही, भागांची यादी वाचतो. दोन बाय चार आणि एक बाय चारच्या विटा, लांब प्लेटा, उतरत्या विटा किती आहेत ते बघतो.

भाव इतका का

खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाचा नियम मला योग्यच वाटतो, कारण ही वस्तू लहान मुलांच्या तोंडात जाते. शुल्काचा भार मात्र सरळ आपल्या खिशावर येतो. कंपनीचं अधिकृत ब्रँड-दुकान भारतात आलं तेच २०२५ मध्ये, तेही गुरुग्रामला. नागपूरकराची खरेदी म्हणजे मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानातल्या दोन-चार फळ्या, नाहीतर ऑनलाइन.

परदेशातून नातलग येणार असतील तर त्यांना एक सांगून ठेवावं: खोकं तिकडेच टाका, पिशव्या तेवढ्या कपड्यांच्या घडीत घालून आणा. खोक्यात अर्धी हवाच असते. जोडणीची पुस्तिकाही नाही आणली तरी चालतं, कंपनीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. फक्त स्टिकरचा कागद पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून आणायला सांगावं, कारण मुडपलेला स्टिकर पुन्हा सरळ होत नाही.

नकली आणि जुळणारी: फरक ओळखा

सीताबर्डीत, इतवारीत स्वस्त ठोकळ्यांची खोकी भरपूर दिसतात. त्या सगळ्यांना सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणणं बरोबर नाही. विटेचं मूळ पेटंट केव्हाच संपलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये विटेच्या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क नाकारला, कारण तो आकार मुळात तिच्या कामासाठी आहे. म्हणजे लेगोला जुळणारी वीट स्वतःच्या नावानं कुणीही करावी. चोरी होते ती दुसऱ्याचा सेट, त्याचं चित्र आणि १९७८ पासूनची ती ओळखीची छोटी माणसं जशीच्या तशी उचलली जातात तेव्हा. अशी खोकी मी घरात आणत नाही. ज्यानं महिनोन्‌महिने डोकं लावून ते मॉडेल रचलं, त्याच्या कामाला त्यातून एक पैसा मिळत नाही.

जुळणाऱ्या विटा घेताना दुकानातच पकड तपासता आली तर तपासावी. चार विटांचा उभा खांब करून सगळ्यांत वरची वीट धरून उचला. खालची गळून पडली तर त्या विटांची मोठी भिंत टिकणार नाही. उलट नखानंही सुटेना इतकी घट्ट वीट लहान मुलाच्या कामाची नाही. आणि आयएसआय चिन्ह नसेल तर पुढचं काही तपासायचीच गरज नाही.

न फोडलेलं खोकं

सेट बंद ठेवून पुढे चढ्या भावानं विकावा, हा विचार हल्ली फार ऐकू येतो. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या सेटच्या किमती अभ्यासून वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा मिळाल्याचं मांडलं, तेव्हापासून तर जास्तच. पण ताजमहालाचं उदाहरण पाहा. ५,९२२ भागांचा हा सेट २००८ मध्ये आला, बंद झाला आणि जुन्या बाजारात त्याचे भाव आकाशाला भिडले. २०१७ मध्ये कंपनीनं एक भाग वाढवून तोच सेट पुन्हा काढला आणि खोकी दाबून बसलेल्यांचे भाव कोसळले. सरासरीच्या आकड्यात असे लोक दिसत नाहीत. आपल्याकडे तर विकत घेताना शुल्क भरायचं, विकायला गिऱ्हाईक परगावी शोधायचं आणि मधल्या काळात पुठ्ठ्याचं खोकं कूलरच्या ओलीपासून जपायचं.

माझा खरा आक्षेप पैशांचा नाहीच. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुलं जो लाकडी नंदी मिरवतात, तो कित्येक घरांत आजोबांचा असतो. दरवर्षी पुसायचा, रंगाचा हात द्यायचा, झूल चढवायची आणि पुन्हा पोराच्या हाती दोरी द्यायची. या विटांचंही तसंच व्हावं. त्या इतक्या टिकाऊ केल्या आहेत त्या तीन पिढ्यांनी हाताळाव्यात म्हणून.

नवतपा आणि प्लॅस्टिक

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, नागपूरच्या ४५ अंशांतही घरातल्या विटा वितळत नाहीत. एबीएस मऊ पडायला १०० अंशांच्या आसपास जावं लागतं. मॉडेल उन्हात उभ्या गाडीत, काचेजवळ ठेवलं तर मात्र लांब प्लेटा कायमच्या वाकू शकतात, कारण दाबाखालचा भाग आधीच थोडा ताणलेला असतो. घरातलं खरं नुकसान उजेड करतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी एबीएस पिवळं पडतं. पांढऱ्या, राखाडी आणि निळ्या विटांवर ते आधी दिसतं. पश्चिमेच्या खिडकीसमोरचं कपाट म्हणूनच नको. पिवळ्या विटा हायड्रोजन पेरॉक्साइडनं उजळवण्याची युक्ती प्रचलित आहे, पण पिवळेपणा परत येतो, म्हणून मी ती करत नाही. पिवळ्या विटा मॉडेलच्या आतल्या भागात वापरतो.

धूळ ही रोजची कटकट. कूलरच्या झोतात ठेवलेल्या मॉडेलवर धूळ ओलसर होऊन चिकटते आणि खुंटांच्या मधून निघता निघत नाही. रंगकामाचा मऊ ब्रश आठवड्यातून एकदा फिरवला तर ही वेळ येत नाही. विटा धुवायच्या तर हातानं, साबणाच्या पाण्यात, आणि पाणी ४० अंशांच्या आत. कंपनीही हेच सांगते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. माठाजवळ रात्रभर ठेवलेली बादली वापरा. धुतल्यावर विटा सावलीत, सुती कापडावर खुंट वर करून वाळवाव्यात, म्हणजे नळ्यांतलं पाणी निथळतं. इलेक्ट्रिक मोटर आणि स्टिकर लावलेले भाग यांना पाणी लावू नये.

रंगानं नव्हे, आकारानं

सुट्या विटा रंगावार लावल्या की दिसायला फार छान दिसतात आणि कामाला निरुपयोगी ठरतात. लाल विटांच्या ढिगात एका खुंटाची लाल प्लेट शोधून बघा. तेच एका खुंटाच्या सगळ्या रंगांच्या प्लेटा एका डब्यात असतील, तर लाल लगेच डोळ्यांत भरते. झाकणाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे घ्यावेत. आणि दोन प्लेटा घट्ट बसल्या तर दात लावू नयेत, सेटबरोबर येणारी नारिंगी पट्टी त्याचसाठी असते.

दीक्षाभूमीचा घुमट

आता बांधण्याकडे येतो. परदेशी किल्ले आणि अंतराळयानं पुष्कळ झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जिथे बौद्ध धम्म स्वीकारला, तिथला स्तूप नागपूरच्या मुलानं हातानं उभा करून पाहावा असं मला मनापासून वाटतं. त्यात भूमितीही भरपूर आहे. स्तूपाचा पोकळ घुमट साधारण १२० फूट व्यासाचा आहे. आपण व्यास ४० खुंट धरू, म्हणजे ३२ सेंटिमीटर, मूळच्या सुमारे ११४ पट लहान.

त्रिज्या झाली २० खुंट, १६० मिलिमीटर. घुमट पूर्ण अर्धगोल मानला, तर कोणत्याही थराची त्रिज्या पायथागोरसच्या प्रमेयानं निघते. दहा विटा चढल्यावर उंची ९६ मिलिमीटर. तिथे त्रिज्या बरोबर १२८, म्हणजे १६ खुंट. तेरा विटा आणि एक प्लेट चढल्यावर उंची १२८. तिथे त्रिज्या ९६, म्हणजे १२ खुंट. कुठेही अपूर्णांक नाही, कारण हा ३-४-५ चाच त्रिकोण आहे. यावरून कामाची खरी अडचण दिसते. पहिल्या दहा विटांत घुमट फक्त चार खुंट आत येतो, आणि शेवटच्या दहा प्लेटांत बारा. म्हणून खाली सरळ विटा चालतात; माथ्याला प्लेटा आणि उतरत्या चकत्याच हव्यात, आणि प्रत्येक थर आतून एकेक-दोन खुंट जास्त रुंद ठेवावा लागतो, नाहीतर वरच्या थराला बसायला जागाच उरत नाही. खालच्या थरातला प्रत्येक सांधा वरच्या विटेनं झाकला गेलाच पाहिजे. घुमट दोन अर्धुकांत करावा, म्हणजे तो उघडून आतलं सभागृह दाखवता येतं. आधी ‘ब्रिकलिंक’चं स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर वापरून संगणकावर रचून पाहिलं, तर किती पांढऱ्या विटा कमी पडतात हे खरेदीआधीच कळतं.

इतवारीची छोटी गाडी

दुसरं मॉडेल नॅरोगेजचं. छिंदवाड्याकडची ही गाडी २०१५ मध्ये आणि नागभीडकडची २०१९ मध्ये बंद झाली, मार्ग रुंद करण्यासाठी. इतवारी स्थानकावर छोटा आणि मोठा असे दोन्ही रूळ असायचे, आणि बांधायचं तर तेच दृश्य बांधावं.

लेगोचा माणूस ४ सेंटिमीटर उंच. खरा माणूस १७० धरला तर प्रमाण सुमारे १:४२. लेगोच्या रुळांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत पाच खुंट, ४० मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, त्याला ४२ नं भागलं तर जवळजवळ ४०. म्हणजे युरोपच्या घरांसाठी केलेला हा रूळ आपल्या ब्रॉडगेजलाच नीट लागू पडतो! नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, भागून येतात १८, म्हणजे दोन खुंटांहून थोडं जास्त. हा छोटा रूळ गुळगुळीत टाइल लावून हातानंच करावा लागेल आणि गाडी त्यावर उभीच राहील, धावणार नाही. मला ते चालतं. डबा सहा खुंट रुंद ठेवावा. शेजारच्या ब्रॉडगेजच्या डब्याला नऊ-दहा खुंट लागतात, आणि दोन्ही शेजारी उभे केले की छोट्या गाडीचा छोटेपणा पाहताक्षणी कळतो.

मापांसाठी कडबी चौकातल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जावं. ते २००२ पासून आहे. इंजिनाचा फोटो तिरका काढू नका, अगदी बाजूनं, मधोमध उभं राहून काढा, आणि चाकाशेजारी ओळखीच्या उंचीचं माणूस उभं करा. त्यावरून चाकाचा व्यास काढा आणि सुरुवात चाकापासूनच करा. लेगोची चाकं मोजक्याच मापांत मिळतात. त्यातलं जवळचं निवडलं की बॉयलर, केबिन आणि धुराडं त्या मापाला जुळवून घेता येतं.